पडद्यावरील आकाशमार्ग : विमानाच्या दिशादर्शक पटलाची चिन्हभाषा

मुरुडच्या किनाऱ्यावर सूर्यास्तानंतर उभे राहिले, की समोर समुद्रात पद्मदुर्गाची काळी आकृती दिसते, दक्षिणेस राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी जंजिरा अंधारात मिसळत जातो आणि माथ्यावरून एखाद्या विमानाचे लुकलुकते दिवे उत्तरेकडे सरकताना दिसतात. रात्रीच्या वेळी समुद्रात गेलेल्या होडीला किनाऱ्यावरील दीपगृहाचा आधार असतो. आकाशातील त्या विमानाला मात्र खालचे काहीच दिसत नसते. पावसाळ्यात तर ढगांच्या जाड थराखाली संपूर्ण कोकण किनारपट्टी झाकलेली असते. असे असता वैमानिकाला आपण कोठे आहोत, कोणत्या वाटेने चाललो आहोत आणि पुढे काय वाढून ठेवले आहे हे कळते कसे, असा प्रश्न शाळकरी मुलापासून ग्रामपंचायतीच्या सदस्यापर्यंत कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे.

या प्रश्नाचे उत्तर वैमानिकाच्या समोरील एका पडद्यावर असते. पाटीएवढ्या या पडद्याला ‘नॅव्हिगेशन डिस्प्ले’ म्हणजेच दिशादर्शक पटल म्हणतात. रायगड जिल्ह्यातील नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि विमानवाहतूक ही या जिल्ह्याच्या दृष्टीने दूरची गोष्ट राहिली नाही. घरच्या संगणकावर विमान चालविण्याचा सराव करणारी मुलेही आता गावोगावी आढळतात. त्यांच्यासमोर हेच पटल उघडते. परंतु त्यावरील चिन्हांचा अर्थ समजावून सांगणारे मराठीत फारसे कोणी नसते. म्हणूनच या चिन्हभाषेची ओळख करून घेणे अगत्याचे ठरते.

सुयांकडून नकाशाकडे

पूर्वीच्या विमानांत दिशा, अंतर आणि रेडिओ केंद्राचा कोन दाखविणाऱ्या वेगवेगळ्या तबकड्या असत. त्यांवरील सुया वाचून आपली जागा वैमानिकाला मनातल्या मनात जुळवावी लागे. लांब पल्ल्याच्या विमानांत याच कामासाठी नॅव्हिगेटर नावाचा स्वतंत्र कर्मचारी असे. १९८२ साली बोइंग ७६७ हे विमान प्रवासी सेवेत दाखल झाले आणि संगणकाने आखलेला हलता नकाशा वैमानिकापुढे आला. १९८८ साली एअरबस ए-३२० सेवेत आले. पुढच्याच वर्षी ते भारतातही पोहोचले. तेव्हापासून सुयांची जागा रंगीत चिन्हांनी घेतली. मनातला नकाशा डोळ्यांपुढे आला, ही मोठी सोय झाली. तथापि चिन्ह वाचणे आणि चिन्हामागील वस्तुस्थिती जाणणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही पुढे अनुभवाने शिकावे लागले.

वाचनाची पहिली पायरी : आपण, पल्ला आणि वरची बाजू

कोणताही नकाशा वाचताना तीन प्रश्न आधी विचारावे लागतात. आपण कोठे आहोत? प्रमाण काय आहे? वरची बाजू कोणती आहे?

बोइंग विमानांत पटलाच्या खालच्या भागी एक पांढरा त्रिकोण असतो. त्याचे टोक म्हणजे आपले विमान. एअरबसमध्ये त्याच जागी विमानाच्या आकाराचे पिवळे चिन्ह असते. विमान पुढे जाते तेव्हा हे चिन्ह जागचे हलत नाही. त्याखालून नकाशाच सरकतो. होडीत बसलेल्या माणसाला किनारा मागे सरकताना दिसावा, तसाच हा प्रकार होय.

प्रमाणाला येथे ‘रेंज’ म्हणजे पल्ला म्हणतात. १०, २०, ४०, ८०, १६०, ३२० अशा सागरी मैलांच्या पायऱ्यांनी वैमानिक तो बदलतो. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर, आणि अक्षांशाची एक कला म्हणजे जवळजवळ एक सागरी मैल. भूगोलाच्या तासाला याचे उत्तम उदाहरण देता येईल. मुरुड सुमारे १८ अंश २० कला उत्तर अक्षांशावर आहे आणि मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ सुमारे १९ अंश ५ कलांवर. दोहोंतील फरक ४५ कलांचा आणि रेखांश जवळपास सारखेच. म्हणजे मुरुडपासून मुंबईचा विमानतळ सरळ रेषेत सुमारे ४५ सागरी मैलांवर आहे. पल्ला ४० वर ठेवून मुरुडवरून उत्तरेकडे निघालेल्या वैमानिकाला मुंबईचा विमानतळ पटलावर दिसणार नाही; पल्ला ८० वर नेताच तो दिसू लागेल. विमानतळ तेथेच होता, बदलला तो केवळ पल्ला. एखादी गोष्ट पडद्यावर नाही म्हणजे ती अस्तित्वातच नाही, असे मानू नये, हा या पटलाचा पहिला धडा आहे.

तिसरा प्रश्न वरच्या बाजूचा. शाळेतील नकाशात उत्तर दिशा नेहमी वर असते. विमानाच्या पटलावर सर्वसाधारणपणे विमान ज्या दिशेने चालले आहे ती बाजू वर असते. मुंबईहून गोव्याकडे निघालेल्या विमानाच्या पटलावर दक्षिण वर येते, आणि मग अरबी समुद्र उजव्या हाताला व सह्याद्री डाव्या हाताला पडतो. खिडकीतून दिसते तसेच पटलावर दिसावे, हा यामागील हेतू. मात्र ‘प्लॅन’ नावाची पद्धत निवडली, की उत्तर वर येते. उड्डाणापूर्वी संपूर्ण मार्ग तपासण्यासाठी ही पद्धत वापरतात.

तांडेलाचे गणित

पटलाच्या वरच्या कमानीवर अंशांचे आकडे असतात आणि तेथे दोन वेगळ्या खुणा आढळतात. एक ‘हेडिंग’ची, म्हणजे विमानाचे नाक कोणत्या दिशेला आहे त्याची. दुसरी ‘ट्रॅक’ची, म्हणजे विमान जमिनीच्या संदर्भात प्रत्यक्षात कोणत्या दिशेने सरकत आहे त्याची. नवशिक्याचा गोंधळ नेमका येथेच होतो. नाक एकीकडे आणि वाटचाल दुसरीकडे, हे कसे?

मुरुडच्या वाचकाला हे सांगण्यासाठी विमानाची गरज नाही. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी जंजिऱ्याकडे निघते तेव्हा तांडेल होडीचे तोंड थेट किल्ल्याच्या दरवाजाकडे धरीत नाही. वारा आणि भरती-ओहोटीचा ओढ होडीला बाजूला नेणार, हे तो जाणतो. म्हणून तो तोंड थोडे ओढाच्या विरुद्ध बाजूला ठेवतो आणि होडी तिरकी तिरकी जाऊन नेमकी दरवाजाशी लागते. तोंडाची दिशा ते हेडिंग आणि होडीची प्रत्यक्ष वाट तो ट्रॅक. दोहोंतील कोन वाऱ्यामुळे पडतो. वैमानिकाच्या पटलाच्या वरच्या कोपऱ्यात वाऱ्याची दिशा व वेग दाखविणारा लहानसा बाण असतो, तो याच हिशेबासाठी.

अलिबागचे होकायंत्र

अंश मोजायचे ते कोणत्या उत्तरेपासून? होकायंत्राची सुई चुंबकीय उत्तर दाखविते; पृथ्वीचा अक्ष ज्या ध्रुवातून जातो ती खरी उत्तर वेगळी. या दोहोंतील कोनाला चुंबकीय अपनती म्हणतात. मुंबई-रायगड परिसरात हा कोन एका अंशाहूनही कमी आहे. परंतु जगाच्या काही भागांत तो वीस अंशांच्या पुढे जातो आणि तो कालपरत्वे बदलतही असतो. पटलावर कोणती उत्तर धरली आहे हे लिहिलेले असते, आणि ते वाचणे वैमानिकाचे कर्तव्य असते.

या विषयात रायगड जिल्ह्याचे स्थान अभिमानास्पद आहे. मुंबईत कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकानंतर पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे सुरू झाली होती. पुढे शहरात विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. विजेच्या प्रवाहामुळे ही नाजूक मोजमापे बिघडणार होती. तेव्हा वेधशाळेचे संचालक डॉ. नानाभाई मूस यांनी चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलविण्याचे काम पार पाडले. १९०४ साली अलिबाग येथे वेध सुरू झाले आणि दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन जुन्या व नव्या मोजमापांचा मेळ घालण्यात आला. तेथील वेधगृहे लोखंडासारखे चुंबकीय पदार्थ टाळून बांधलेली आहेत. ही वेधशाळा चालविणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालयही याच जिल्ह्यात, नवीन पनवेल येथे आहे. मुरुडहून सुमारे वीस सागरी मैलांवर शंभराहून अधिक वर्षे चाललेल्या या नोंदी जगभरच्या चुंबकीय नकाशांना उपयोगी पडतात.

धावपट्ट्यांचे क्रमांकही याच चुंबकीय अंशांवरून पडतात. मुंबईच्या मुख्य धावपट्टीच्या एका टोकाला ०९ आणि दुसऱ्या टोकाला २७ असे आकडे आहेत. ०९ म्हणजे सुमारे ९० अंश, अर्थात पूर्वेकडे तोंड. २७ म्हणजे सुमारे २७० अंश, अर्थात पश्चिमेकडे तोंड. विमानतळाजवळ येताच पटलावर धावपट्टीची लहान चौकट आणि हा आकडा उमटतो.

वाटेवरील खुणा

आता प्रत्यक्ष मार्गाकडे वळू. विमानाचा मार्ग आकाशातील ठराविक बिंदूंना जोडून तयार होतो. या बिंदूंना ‘वेपॉइंट’ म्हणतात. त्यांना सामान्यतः पाच अक्षरांची, उच्चारता येतील अशी नावे दिलेली असतात. आकाशात तेथे कोणतीही वस्तू नसते. अक्षांश-रेखांशांनी ठरविलेली ती केवळ जागा असते.

बोइंगच्या पटलावर चालू मार्गाची रेषा किरमिजी रंगाची असते. पुढचा गाठावयाचा बिंदू चार टोकांच्या किरमिजी ताऱ्याने दाखवितात. त्यापुढचे बिंदू पांढरे असतात. मार्गात बदल करून तो अद्याप कायम केलेला नसेल, तर तुटक पांढरी रेषा दिसते. एअरबसमध्ये चालू मार्ग हिरवा, पुढचा बिंदू पांढरा आणि कायम न केलेला बदल तुटक पिवळ्या रेषेचा असतो. रंग वेगळे असले तरी व्याकरण एकच आहे : अखंड रेषा म्हणजे मंजूर झालेला मार्ग, तुटक रेषा म्हणजे केवळ प्रस्ताव. पंचायतीच्या सभेतील ठराव आणि त्याचा मसुदा यांत जो फरक, तोच येथे समजावा.

मार्गाबाहेरील ठिकाणेही हवी असल्यास दाखविता येतात. बोइंगमध्ये विमानतळ वर्तुळाने आणि जमिनीवरील ‘व्हीओआर’ जातीची रेडिओ केंद्रे षट्कोनाने दर्शवितात. एअरबसमध्ये विमानतळासाठी ताऱ्यासारखे चिन्ह वापरतात. ही सर्व चिन्हे एकाच वेळी उघडली, तर पटल आठवडी बाजारासारखे गजबजून जाते. आवश्यक तेवढेच दाखविणे आणि काम झाले की ते मिटविणे, ही चांगल्या वैमानिकाची सवय समजली जाते.

पुढे काय होणार?

पटलाचे खरे सामर्थ्य पुढचे दाखविण्यात आहे. बोइंगमध्ये विमानाच्या त्रिकोणापुढे तीन तुकड्यांची तुटक रेषा असते. चालू वळण असेच राहिले, तर ३०, ६० आणि ९० सेकंदांनंतर विमान कोठे असेल हे त्या तुकड्यांची टोके सांगतात. पल्ला लहान केला, की तुकडेही कमी होतात. वळण घेताना ही रेषा मार्गाच्या रेषेवर अलगद टेकली, की वळण बरोबर चालले आहे असे समजावे.

हिरव्या रंगाची आडवी कमान हे दुसरे उपयुक्त चिन्ह. ठरविलेली उंची विमान कोठे गाठेल ते ही कमान दाखविते. तिसरे चिन्ह म्हणजे मार्गावरील लहान हिरवे वर्तुळ. उतरण्यास कोठून प्रारंभ करावा हे त्यावरून कळते. याचे तोंडी गणितही सोपे आहे. दर १,००० फूट उतरण्यास साधारणतः ३ सागरी मैल लागतात. ३५,००० फुटांवरील विमानाला समुद्रसपाटीपर्यंत येण्यास सुमारे १०५ मैल हवेत. गोव्याकडून एखादे विमान किनाऱ्याकिनाऱ्याने सरळ मुंबईस येत आहे असे धरले, तर हे वर्तुळ गुहागर-हेदवीच्या आसपास पडेल आणि मुरुडवर येईपर्यंत विमान सुमारे १५,००० फुटांवर उतरलेले असेल. प्रत्यक्षात वाहतूक नियंत्रकांच्या सूचनांप्रमाणे वाट वळते आणि आकडे बदलतात. परंतु हा आडाखा वैमानिक मनाशी बाळगतोच. संगणकाचे वर्तुळ आणि मनातले गणित जुळले नाही, तर कोठेतरी चूक आहे हे त्याला तत्काळ उमजते.

पाऊस, डोंगर आणि दुसरी विमाने

याच नकाशावर धोक्यांची चिन्हेही उमटतात. हवामान रडार हलका पाऊस हिरव्या, मध्यम पिवळ्या आणि जोरदार लाल रंगात दाखविते. हवेची उलथापालथ किरमिजी रंगात येते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. रडार पाण्याचे थेंब पाहते. अतिशय दाट पावसामागे काय आहे ते त्याला दिसतेच असे नाही. म्हणून लाल डागामागील काळी, मोकळी भासणारी जागा निर्धोक मानता येत नाही.

डोंगरांचे रंग विमानाच्या उंचीच्या तुलनेने ठरतात. समजा, एखादे विमान ४,००० फुटांवर आहे. सुमारे २,६०० फुटांचे माथेरान बरेच खाली असल्याने हिरवे दिसेल. सुमारे ५,४०० फुटांचे कळसूबाई वर असल्याने पिवळट नारिंगी दिसेल. तेच विमान ३,००० फुटांवर आले, तर माथेरानही नारिंगी होईल आणि कळसूबाई लाल. डोंगर तेच, बदलली ती आपली उंची. पाऊस आणि डोंगर यांचे रंग सारखे असल्याने एका पटलावर एका वेळी सामान्यतः एकच दाखवितात. प्रसंगी एक वैमानिक पाऊस पाहतो आणि दुसरा डोंगर.

आसपासची विमाने चौकोनी शंकरपाळ्याच्या आकाराने दिसतात. पोकळ शंकरपाळे म्हणजे दूरचे विमान, भरीव म्हणजे जवळचे. पिवळट नारिंगी भरीव वर्तुळ म्हणजे सावधानतेचा इशारा आणि लाल भरीव चौरस म्हणजे तत्काळ वर वा खाली जाण्याचा आदेश. शेजारचा आकडा शेकडा फुटांत असतो : ‘+१०’ म्हणजे ते विमान आपल्याहून १,००० फूट वर आहे. बाण वर असेल तर ते चढत आहे. या चिन्हांची किंमत आपल्या देशाने जबर दराने मोजली आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरी येथे दोन विमानांची आकाशात टक्कर होऊन ३४९ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर भारतात टक्करविरोधी यंत्रणा सक्तीची करण्यात आली.

पडदा आणि सत्य

पटल कितीही सुबक असले, तरी त्याला जे सांगितले जाते तेच ते दाखविते. २० डिसेंबर १९९५ रोजी अमेरिकेतून कोलंबियातील काली शहराकडे येणाऱ्या बोइंग ७५७ च्या वैमानिकांना रोझो नावाच्या रेडिओ केंद्राकडे जावयाचे होते. त्यांनी संगणकात ‘आर’ हे एकच अक्षर भरले. संगणकाच्या यादीत त्या अक्षराखाली बोगोटाजवळचे रोमिओ हे दुसरेच केंद्र होते. विमान डावीकडे वळले. चूक ध्यानी येऊन वैमानिक मागे वळू लागले तोवर विमान डोंगराळ भागात उतरत गेले होते. या अपघातात १५९ जणांचे प्राण गेले. पटलावरची वाट वळलेली दिसत होती. ती तशी का वळली, हे वेळेवर विचारले गेले नाही.

आपल्या किनाऱ्याजवळचे उदाहरणही विसरता येत नाही. १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून निघालेले एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ विमान वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले आणि २१३ जण मृत्यू पावले. विमानाचा कल दाखविणारे मुख्य वैमानिकासमोरील उपकरण बिघडले होते. अंधारात समुद्रावर दुसरी खूण नव्हती, आणि इतर उपकरणांशी त्याचा ताळा वेळेत घेतला गेला नाही.

अलीकडे एक नवी अडचण उभी राहिली आहे. उपग्रहांच्या संदेशांसारखे खोटे संदेश पाठवून विमानाला त्याची जागा चुकीची भासविण्याचे प्रकार २०२३ पासून पश्चिम आशियाच्या आकाशात वाढले आणि त्याच वर्षी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने वैमानिक व विमान कंपन्यांसाठी सूचना काढल्या. अशा वेळी पटलावरील विमान शांतपणे चुकीच्या जागी दिसत राहते. उपाय जुनाच आहे : जमिनीवरील रेडिओ केंद्रापासूनचे अंतर व कोन, घड्याळ आणि होकायंत्र यांच्याशी पटलाचा ताळा घेणे.

शाळेत आणि घरी

वैमानिकांचे शिक्षण मोठ्या प्रमाणावर सिम्युलेटरवर, म्हणजे उड्डाणाचा हुबेहूब आभास निर्माण करणाऱ्या यंत्रावर होते. त्यात चुका करण्याची मुभा असते आणि म्हणूनच शिकताही येते. घरगुती संगणकावरील उड्डाणाचे कार्यक्रम त्याचेच लहान रूप. त्यांपैकी ‘फ्लाइटगिअर’सारखा कार्यक्रम विनामूल्य मिळतो. यावर सराव केल्याने कोणी वैमानिक होत नाही, हे पालकांनी व विद्यार्थ्यांनी स्पष्टपणे ध्यानात घ्यावे. त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेतील शिक्षण, वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा आणि व्यावसायिक परवान्याकरिता किमान २०० तासांचे प्रत्यक्ष उड्डाण आवश्यक असते. महाराष्ट्रात गोंदिया, बारामती अशा ठिकाणी असे शिक्षण मिळते.

तथापि शिक्षकांच्या हाती हे एक प्रभावी साधन आहे. अक्षांश-रेखांश, प्रमाण, कोन, वेग-अंतर-वेळ, सदिशांची बेरीज हे सर्व एका पटलावर एकत्र येते. शाळेत एकच संगणक असला, तरी मुरुडवरून मुंबईकडे उड्डाण लावून विद्यार्थ्यांना प्रश्न विचारता येतील : ताशी २४० सागरी मैल वेगाने ४५ मैल जाण्यास किती मिनिटे लागतील? पश्चिमेचा वारा असताना नाक कोणत्या बाजूस ठेवावे? उत्तर आधी वहीत काढावे आणि मग पडद्याशी ताडून पाहावे. हा क्रम उलटा होऊ देऊ नये.

मुरुडच्या कोळीवाड्यातील अनेक होड्यांवर आता उपग्रहाच्या साहाय्याने जागा दाखविणारी यंत्रे आली आहेत. तरीही अनुभवी तांडेल यंत्राकडे पाहून झाल्यावर एकदा किनाऱ्याकडे, एकदा पाण्याच्या रंगाकडे आणि एकदा वाऱ्याकडे पाहतो. त्याला यंत्रावर अविश्वास दाखवावयाचा नसतो. यंत्र जे सांगते ते समुद्राशी जुळते का, एवढेच तो पाहत असतो. पस्तीस हजार फुटांवरून जाणारा वैमानिकही नेमके हेच करीत असतो.